गल्लीत एकच कुलूप

१

साहेबांच्या टेबलावर फोटो पत्त्यांच्या डावासारखे मांडले होते. दारं सगळी वेगळी. एक हिरवं, एक पत्र्याचं, एक फळ्या ठोकून उभं केलेलं, एकाची चौकट वाळवीने पोखरलेली. पण प्रत्येक दाराच्या कडीत अडकवलेलं कुलूप मात्र तेच होतं. पितळी, चौकोनी, एका कोपऱ्याला ठेचलेलं, आणि त्याच्या कड्याला निळ्या दोऱ्याची गाठ.

“हे कुलूप तुमच्या पिशवीत असतं, मावशी,” साहेब म्हणाले. “दाराला अडकवायचं, फोटो काढायचा, परत पिशवीत टाकायचं. घर बंद, आणि तुम्ही मोकळ्या!”

मावशी टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी पिशवी पुढे धरली. “पाण्याची बाटली, छत्री आणि गुडघ्याचं मलम. याशिवाय काही निघालं तर मला तुरुंगात घाला.”

“ते बघूच.”

या कचेरीचं काम एवढंच होतं : ठरलेल्या घरांत दरवर्षी जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. घरात माणसं किती, काम काय, महिन्याला घरात येतं किती. घर बंद असेल तर पुरावा म्हणून बंद दाराचा फोटो काढायचा. तीन खेपांना दार बंद मिळालं की ते घर पाहणीतून कायमचं गळायचं. मावशी खालच्या गल्लीचं काम पहिल्या वर्षापासून करत होत्या. कचेरीला त्याचा अभिमान होता. दरवर्षी तीच बाई गेली की लोकांचा विश्वास बसतो, असं भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

आणि आता त्या गल्लीचं सरासरी उत्पन्न वाढलं होतं. इतकं, की मोफत दवाखान्यासाठी जी रेघ आखली होती तिच्या वर गल्ली गेली होती. दवाखाना बंद करण्याचा कागद साहेबांच्या पेनाखाली तयार होता. संध्याकाळी सही व्हायची.

“मावशींनी लबाडी केली असेल, तर आकडाच खोटा ठरेल ना?” खिडकीजवळून आवाज आला. आवाज इतका हळू, की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

त्या पडताळणी अधिकारी होत्या. जाड काचेचा चष्मा आणि फोटो बघायचं एक भिंग, यामुळे कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे भिंगबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

“नाही ठरत,” साहेब म्हणाले. “गळालेल्या घरांच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी धरायची, असा नियम आहे. आकडा तोच राहतो. बदलतात फक्त मावशी.”

मावशी एकदम म्हणाल्या, “मला काढा हो. पण दवाखाना नका काढू. तिथे शिवणवाली आहे, तिला दम्याचा पंप तिथूनच मिळतो. तो नसला तर ती पोरगी जगायची नाही.”

“संध्याकाळपर्यंत वेळ द्या मला,” भिंगबाई म्हणाल्या.

“कशाला? कुलूप तर दिसतंय.”

“कुलूप दिसतंय,” भिंगबाई म्हणाल्या. “किल्ली दिसत नाही.”

२

कचेरीत आकडे सांभाळणारा माणूस होता. उंच, वाकलेला, सदा सर्दी झालेला. त्याला सगळे आकडेबुवा म्हणत. भिंगबाईंनी त्याला दारातच गाठलं.

“गल्लीत पैसा आला कुठून?”

“कुठूनच नाही,” आकडेबुवा नाक पुसत म्हणाला. “जी घरं अजून पाहणीत आहेत, त्यांतलं एकही घर वर गेलेलं नाही. जिथल्या तिथे आहेत.”

“मग सरासरी वाढली कशी?”

“शाळेत मुलं ओळीत उभी आहेत असं समजा. सगळ्यांत बुटकी मुलं एकेक करून ओळ सोडून गेली. उरलेल्यांची सरासरी उंची वाढली की नाही? आता मला सांगा, उंच कोण झालं?”

“कुणीच नाही.”

“हेच मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गेलेली मुलं बुटकीच होती कशावरून? उंचही असतील, चांगली नोकरी लागून दुसरीकडे गेली असतील. पुरावा आणा.” तो कडवट हसला. “आता गेलेल्यांची उंची मोजायची म्हणजे ती ओळीत यायला हवीत. ती ओळीत नाहीत म्हणून तर मोजायचीत! डोकं फुटायची वेळ आलीय बाई.”

“गरीब घरं आपणहून का गळतील?”

“ते आकड्यांत दिसत नाही. आकड्यांत फक्त रिकामी जागा दिसते.”

मावशी कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशी बसल्या होत्या. भिंगबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. मावशींना मग स्वतःच बोलावंसं वाटलं.

“मी त्या गल्लीत बाहेरची राहिलेच नाही हो. बाळंतपणं पाहिली, मयती पाहिल्या. शिवणवालीच्या लग्नाला मी तिच्या आईच्या बाजूला उभी होते. तिने मशीन घेतलं तेव्हा आधी मला दाखवलं, मग नवऱ्याला. दरवर्षी एकेका घरी चहा, हट्टाने. नाही म्हटलं तर रुसायच्या.”

“आणि आता?”

“आता दारं बंद. मला वाटायचं, कामाला गेल्या असतील. मी त्यांना त्रास नको म्हणून आदल्या दिवशी निरोपसुद्धा पाठवते. न कळवता कुणाच्या दारात उभं राहू नये, बाईमाणसाची तारांबळ उडते.”

“निरोप कुणाकडे?”

“इस्त्रीवाल्या काकूंकडे. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं टेबल. उद्या अमकीकडे, तमकीकडे येते म्हणून सांगायचं. कधी काकूच म्हणायच्या, मावशी, तिच्याकडे उद्या नको, परवा जा. मी ऐकायची. मला काय, उन्हात एक खेप जास्त.”

“आजचा निरोप गेला होता?”

“कालच गेला. आज शिवणवालीकडे जायचं होतं. तिची तिसरी खेप.” मावशींनी पदराने डोळे टिपले. “आजही बंद मिळालं असतं, तर ती गळाली असती. देवाने निदान ते माझ्या हातून घडवलं नाही.”

३

गल्लीच्या तोंडाशी काकू इस्त्री करत होत्या. कोळशाची जड इस्त्री, बाहीवरून सरकताना तिचा मऊ आवाज, वाफेचा वास. टेबलाखाली गाठोडी रचलेली, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. लाल, पिवळा, हिरवा. एकाचे कपडे दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून.

“कपडे टाकायचेत?” काकूंनी मान वर न करता विचारलं. “उद्या मिळतील. घाई असेल तर नवऱ्याला सांगा, चुरगळलेला शर्ट घाल. कुणी मरत नाही त्याने.”

“पाहणी कचेरीतून आले मी.”

इस्त्री थांबली. “मावशी कुठंय? आज यायची होती ती.”

“त्यांना घरी बसवतायत. सगळ्या बंद दारांवर एकच कुलूप निघालं. साहेब म्हणतात, ते मावशींचं. कदाचित पोलिसांत देतील.”

काकूंनी शर्टाकडे पाहिलं. शर्टावर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग उमटत होता. त्यांनी दचकून ती उचलली. इस्त्रीच्या मुठीला निळा दोरा गुंडाळलेला भिंगबाईंना दिसला.

“हा निळा कुणाचा?”

“निळा माझा,” काकू बोलून गेल्या. मग घाईघाईने, “माझ्या वस्तू लोक उचलून नेतात. छत्री नेतात, चिमटा नेतात. म्हणून बांधते.”

“कुलूपही नेतात का हो?”

“माझ्याकडे कसलं कुलूप? माझ्या घरात चोरायला आहे काय, माझा म्हातारा? न्या म्हणावं, वर कपडे फुकट धुऊन देईन!” काकू मोठ्याने हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “आणि बाई, आत गल्लीत जाऊन काही उपयोग नाही. सगळ्या कामावर गेल्यात.”

भिंगबाई आत गेल्या. मागे वळून पाहिलं, तर काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

खोल्यांचा मालक दवाखान्याच्या पायरीवर बसलेला होता. सगळे त्याला शेठ म्हणत. दवाखान्याची जागाही त्याचीच, आणि ती मोकळी झाली तर तिथे गोदाम करायचा त्याचा विचार होता, हे त्याने न विचारता सांगितलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“म्हणजे दवाखाना बंद झाला तर फायदा तुमचा,” भिंगबाई म्हणाल्या.

“माझा. लपवू कशाला?”

“आणि गल्लीतली माणसं सोडून गेली असं दिसलं, की घरं पाहणीतून गळतात आणि दवाखाना बंद होतो. बंद दारांवरचं कुलूप तुमचं तर नाही?”

शेठने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “हे? हे माझं? बाई, मी कुलूप लावतो तेव्हा दोन लावतो. एका कुलपावर माझा जन्मात विश्वास बसलेला नाही. आणि भाडेकरू आत राहत असताना त्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, तर या बायका मला इस्त्रीखाली घालतील.”

“ही माणसं राहतायत? सोडून गेली नाहीत?”

“जातील कुठे? सगळी आहेत इथेच. कमी झाली असतील ती वजनाने.” तो हसला, मग त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही. “एक सांगू? या खोल्यांना कुलपंच नाहीत. यांनी कधी घेतलीच नाहीत. कडी लावतात आणि जातात. कुलूप लावावं असं घरात काही असायला नको का?”

४

दवाखान्यात सिस्टर रिकामी खोकी एकावर एक रचत होत्या. बंद व्हायची बातमी त्यांना कळली होती.

“शिवणवाली बाई येते का?” भिंगबाईंनी विचारलं.

“वहिनी? यायला हवी होती. पंप संपला असणार तिचा. दोनदा निरोप दिला, आली नाही.” सिस्टरनी खोकं खाली ठेवलं. “लाजते आताशा. पूर्वी येताना आमच्या खिडक्यांचे पडदे शिवून आणायची, फुकट घ्यायला नको म्हणून. आता द्यायला काही नाही, तर घ्यायलाही येत नाही.”

भिंगबाई बाकावर बसल्या. भिंग काढलं. फोटो मांडीवर ठेवून एकेक पाहू लागल्या.

पत्र्याच्या दाराच्या फोटोत उंबऱ्याखालून काहीतरी ओलं बाहेर आलेलं होतं. पाण्याचा ओघळ. पायरीवरून खाली उतरलेला, ताजा, अजून न सुकलेला. दाराला बाहेरून कुलूप, आणि आतून कुणीतरी नुकतीच फरशी पुसत होतं.

फोटोंच्या कोपऱ्यात तारखा छापलेल्या होत्या. त्यांनी सगळ्या वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. एका तारखेचे दोन फोटो कुठेच नव्हते.

कुलूप मावशींच्या पिशवीत असतं, तर मावशींनी एका दुपारी पाच दारांना ते लावून पाच फोटो काढले असते आणि घरी जाऊन गुडघ्यांना मलम लावलं असतं. इथे प्रत्येक बंद दारासाठी वेगळी खेप होती, वेगळं ऊन होतं. दुप्पट कष्ट पडावेत म्हणून लबाडी कोण करतं? म्हणजे कुलूप मावशींच्या सोयीने फिरत नव्हतं. मावशी कुलपाच्या सोयीने फिरत होत्या. तिच्याकडे उद्या नको, परवा जा.

कारण कुलूप एकच होतं, आणि त्याची पाळी लागत होती.

भिंगबाईंचा हात थांबला. कालच निरोप गेला होता. आज वहिनीकडे. मावशी तर आल्या नाहीत, पण हे वहिनीला कोण सांगणार? काकू. आणि काकूंनी काय पाहिलं? कचेरीची दुसरी बाई गल्लीत फिरतेय. ती असेपर्यंत दार कसं उघडायचं?

“सिस्टर,” त्या उठत म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला, “वहिनीची खोली कुठली?”

५

गल्लीच्या तोंडाशी टेबलापाशी कुणी नव्हतं. इस्त्री तापलेली होती. शेजारच्या भाजीवालीने सांगितलं, “काकू? पळत गेली. म्हणे, साहेबांना सांगते, कुलूप माझं आहे, मावशीला सोडा. रिक्षा केली तिने! इतक्या वर्षांत मी तिला रिक्षात बघितली नव्हती.”

किल्ली काकूंच्या कमरेला होती. आणि काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला, साहेबांच्या बाकावर.

वहिनीची खोली शेवटची. दार हिरवं, रंगाचे पापुद्रे सुटलेले. कडीत पितळी चौकोनी कुलूप, कड्याला निळ्या दोऱ्याची गाठ. गल्लीवर पत्रे तापून तडतडत होते. भिंगबाईंनी दाराला कान लावला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. श्वास म्हणजे नुसती शीळ. लांब, बारीक, मध्येच तुटणारी.

“वहिनी! मी बाहेर आहे. घाबरू नका.”

शीळ थांबली. ती बाई दम कोंडून गप्प बसली होती. ऐकू जाऊ नये म्हणून!

“अहो, श्वास घ्या! मला माहीत आहे तुम्ही आत आहात. श्वास घ्या आधी!” भिंगबाईंनी दारावर दोन्ही हात आपटले. कुलूप हललं, तुटलं नाही. “शेठ! शेठ, इकडे या, लवकर! तुमच्या किल्ल्या आणा!”

शेठ धापा टाकत आला. एकही किल्ली लागेना. “माझ्या किल्ल्या माझ्या कुलपांच्या,” तो म्हणाला आणि पळाला. आता हा गेला, असं भिंगबाईंना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. दुसरं काही हातात नव्हतं. आत काहीतरी धप्पकन पडलं.

शेठ पहार घेऊन परत आला. “सरका. दार माझं आहे, मीच फोडतो.” पहिल्या घावाला निळा दोरा तुटला. दुसऱ्याला कडी वाकली. तिसऱ्याला कुलूप फुटून ठणकन पायरीवर पडलं.

खोलीत खाट नव्हती. खुर्ची नव्हती. फरशी लखलखीत पुसलेली, आणि खिडकीखाली फरशीवर चार पायांच्या गंजक्या खुणा, मशीन जिथे उभं असे तिथे. त्या खुणांच्या मध्ये वहिनी एका कुशीवर पडली होती. ओठ निळे. मुठीत रिकामा पंप घट्ट धरलेला.

६

वहिनीला उचलून दवाखान्यातल्या खाटेवर आणलं आणि सिस्टरनी मास्क लावला. बराच वेळ नुसती वाफेची घरघर ऐकू येत होती. ओठांचा रंग सावकाश बदलत होता, आणि तो बदलतोय की नाही हे बघायचं धाडस भिंगबाईंना होत नव्हतं. शेठ दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता, पहार मांडीवर, उचलून आणलेलं कुलूप पायाशी.

कचेरीची गाडी आली तेव्हा ऊन कलत होतं. साहेब उतरले, मागून मावशी, आणि सगळ्यांना ढकलत काकू. पायरीवर फुटलेलं कुलूप पडलं होतं. ते पाहून काकू मटकन खाली बसल्या.

“मी मारली तिला. मी मारली.”

“जिवंत आहे,” सिस्टर आतून म्हणाल्या. “अजून अर्धा तास गेला असता, तर नसती.”

मावशी आत धावल्या. साहेब दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात तो कागद होता, सहीचा.

“काकू कबूल झाल्या,” ते म्हणाले. “कुलूप त्यांचं. पण का, ते सांगत नाहीत. नुसत्या रडतायत.”

“त्या सांगणार नाहीत. त्यांनी शब्द दिलाय,” भिंगबाई हळू म्हणाल्या. साहेब पुढे वाकले. “मी सांगते, चुकलं तर काकूंनी थांबवावं. मावशी न चुकता आदल्या दिवशी निरोप द्यायच्या, कुणाची तारांबळ होऊ नये म्हणून. चांगुलपणाच तो. पण त्या निरोपामुळे एक रात्र मिळायची. ज्या घरात चहाला साखर उरलेली नाही, बसायला खुर्ची उरलेली नाही, त्या घरातली बाई त्या रात्री काकूंकडे जायची. काकू, मावशी येतायत, मला कुलूप द्या. गल्लीत दुसऱ्या कुणाकडेच कुलूप नव्हतं. काकू सकाळी बाहेरून लावायच्या आणि मावशी गेल्या की काढायच्या. दोघींना एकाच दिवशी लागलं, तर एकीची पाळी पुढे ढकलायच्या. म्हणून एका तारखेचे दोन फोटो नाहीत.”

काकूंनी थांबवलं नाही. त्या गुडघ्यांत तोंड घालून म्हणाल्या, “मी नाही म्हणायचे आधी. आतमध्ये कोंडून घेतेस, काही झालं तर, असं म्हणायचे. पण रडायच्या हो. म्हणायच्या, वाट्टेल ते कर, मावशीला हे घर दाखवू नकोस.”

“पण लपवायचं कशाला?” साहेबांचा आवाज चढला. “उत्पन्न कमी झालं असं सांगितलं असतं, तर दवाखाना राहिलाच असता! आम्ही परके थोडेच आहोत?”

“तेच ना,” भिंगबाई म्हणाल्या. “परके असतो तर सांगितलं असतं. मी आज सकाळी पहिल्यांदा आले, शेठनी मला न विचारता सगळं सांगितलं. परक्या माणसाला गरिबी सांगता येते, साहेब. तो ऐकतो आणि जातो. पण जिने तुमचं मशीन पाहिलंय, जिने तुमच्या हातचा चहा पिऊन तोंडभर कौतुक केलंय, तिला रिकामी फरशी कशी दाखवायची? म्हणून जी घरं खाली गेली तीच गळाली, आणि जी तरली ती राहिली. आकडेबुवांची ओळ बुटक्या मुलांनी सोडली ती अशी.”

साहेबांनी दाराच्या फटीतून आत पाहिलं, खाटेकडे, मग हातातल्या कागदाकडे. पेनाला टोपण लावलं.

“आज सही होणार नाही,” ते म्हणाले. “पण नुसत्या तर्कावर मी वर काय पाठवू? मला त्यांची उत्तरं हवीत. गळालेल्या घरांची, त्यांच्या तोंडून. ती मिळाली तर दवाखाना राहील. नाही मिळाली, तर माझ्या हातात काही नाही.”

आत मावशी वहिनीच्या उशाशी बसल्या होत्या. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या आणि वहिनी भिंतीकडे बघत होती.

“ऐकलंस ना पोरी?” मावशी म्हणाल्या. “मी विचारते. नेहमीसारखं. तू फक्त सांग. माझ्यापासून काय लपवायचं गं? मी काय रागावणार आहे का?”

वहिनीने मास्क बाजूला केला. तिला शब्दाशब्दाला थांबावं लागत होतं.

“मावशी. तुम्ही... बाहेर थांबाल?”

मावशींचा हात केसांवर तसाच राहिला.

“या बाईंना विचारू दे,” वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. “सगळं सांगते. एकूण एक. दुसऱ्यांनाही सांगायला लावते. पण तुम्ही नको. तुमच्या पाया पडते, मावशी. तुम्ही बाहेर जा.”

मावशी उठल्या. पिशवीतून प्रश्नांचे कागद काढून त्यांनी भिंगबाईंच्या हातात दिले, आणि जाताना दार आपल्या हाताने ओढून घेतलं, आवाज न होऊ देता.

पायरीवर काकू होत्या. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या. फुटलेलं कुलूप पायाशी होतं, ते त्यांनी उचललं, पदराने पुसलं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं. गल्लीतून एकेक बाई येत होती, लांब भिंतीला धरून उभी राहत होती. मावशींशी कुणी नजर मिळवत नव्हतं.

आतून भिंगबाईंचा हळू आवाज आला, शब्द न कळण्याइतका हळू. पहिला प्रश्न असेल. घरात माणसं किती.

मग वहिनी बोलू लागली. दार पातळ होतं. मावशींनी दोन्ही हात उचलले आणि कान झाकून घेतले.